चौदावी चूक

आमच्या पाल्मारितो गावात वीज दिवसाकाठी चार तास असते, पाणी एक दिवसाआड येतं, आणि बेसबॉलवरून भांडण मात्र रोज सकाळी आठला न चुकता सुरू होतं. चर्चसमोरच्या बागेत बदामाच्या झाडाखाली तीन बाकं आहेत, तोच आमचा कट्टा. बाकांवर अकरा म्हातारे बसतात आणि त्यांच्यासमोर थर्मास घेऊन मी, मिग्दालिया. वीस वर्षं मी तिथे कॉफी विकते. कॉफीत निम्मे भाजलेले वाटाणे असतात हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, पण त्यावर चकार शब्द काढायची कुणाची छाती नाही.

कट्ट्याचा अध्यक्ष बाउदिलिओ. त्यानं साखर कारखान्यात भोंगा वाजवण्यात जन्म घालवला, आता गळ्यात शिट्टी अडकवून बसतो. दोघं एकदम ओरडले तर चालतं, तिघं ओरडले की शिट्टी. मागे एक नवा पोलीस बदली होऊन आला होता. नाकाला नाक लावून किंचाळणारी माणसं बघून तो बिचारा सोडवायला मधे पडला. म्हाताऱ्यांनी त्याला बाकावर बसवलं, माझी कॉफी पाजली आणि विचारलं, "तुझं मत काय ते सांग." आता तो ड्यूटी संपली की रोज येतो आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडतो.

त्या सोमवारी सकाळी विषय उत्तरेचा होता. उत्तर म्हणजे समुद्रापलीकडचा मुलूख, जिथे आमची चांगली पोरं खेळायला पळून गेली. तिथे आता पिचरनं टाकलेला चेंडू बरोबर होता की नाही हे यंत्र सांगतं म्हणे. पंचाचं म्हणणं पटलं नाही तर खेळाडूनं नुसती आपल्या डोक्यावर टपली मारायची, की यंत्र निकाल देतं.

"डोक्यावर टपली?" बाउदिलिओ म्हणाला. "आपल्याकडे हा नियम आणला तर दुपारपर्यंत अख्ख्या संघाला टेंगळं येतील."

"आणि वीज गेली की? सामना थांबवून यंत्राला पुठ्ठ्यानं वारा घालायचा?" हा तोमासितो. लांब मानेमुळे सगळे त्याला उंट म्हणतात. गावातल्या प्रत्येक खेळाडूचे आकडे त्याला तोंडपाठ आहेत, स्वतःच्या नातवंडांची नावं मात्र नाहीत.

"बॅटीसुद्धा बदलल्यात त्यांनी," पोलीस म्हणाला. "मधेच फुगीर. मुसळासारख्या."

"मग उंटाच्या बायकोला पाठवा तिकडे. मुसळानं मारायचा तिला दांडगा सराव आहे."

"आणि पिचरसमोर घड्याळ लावतात," उंटानं विषय बदलला. "पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा."

"पंधरा सेकंदांत आपल्या ओस्निएलची विजारसुद्धा वर ओढून होत नाही!"

ओस्निएलचं नाव निघालं आणि कट्टा एकदम गप्प झाला. वीस वर्षांत मी हा कट्टा दोनदा गप्प झालेला पाहिलाय, आणि त्यातल्या एकदा तरी कोणीतरी मेलं होतं. मी थर्मासचं झाकण लावलं आणि कान टवकारले.

आदल्या दिवशी, रविवारी, काय झालं ते आधी सांगते. आमचा ओस्निएल ट्रॅक्टर चालवतो, वय एकोणचाळीस, पोट सुटलेलं. रविवारी त्यानं शेजारच्या गावाविरुद्ध नऊच्या नऊ डाव चेंडू टाकले आणि समोरच्यांना एकही हिट मिळू दिली नाही. बिनहिटचा सामना! असा सामना आमच्या गावानं एक्केचाळीस वर्षांपूर्वी पाहिला होता. लोकांनी ओस्निएलला खांद्यावर घेतलं. तीन माणसं बदलावी लागली, पण घेतलं. सरपंचबाईंनी तिथल्या तिथे भाजलेलं डुक्कर जाहीर केलं, सोमवारी संध्याकाळी, अख्ख्या गावाला.

आता खरी गोम. सातव्या डावात एक चेंडू सरपटत आमच्या शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असणाऱ्या पोराकडे गेला. तो वाकून बसला होता, हात बरोबर जागेवर होते. चेंडू त्याच्या हाताभर पुढे आला आणि टुणकन असा उडाला की थेट खांद्याला लागून मागे गवतात. मारणारा आरामात पहिल्या बेसवर पोचला. अशा वेळी एकच प्रश्न असतो. मारणाऱ्याची करामत म्हणायची की अडवणाऱ्याचा गलथानपणा? पहिलं असेल तर हिट लिहितात, दुसरं असेल तर चूक. नियम सांगतो, सर्वसाधारण प्रयत्नात चेंडू अडवता आला असता का ते बघा. ते बघणारा आणि कागदावर लिहिणारा आमच्या गावात तीस वर्षं एकच माणूस आहे, सिल्वानो. त्यानं लिहिलं, 'चूक'. म्हणून ओस्निएलचा सामना बिनहिटचा राहिला.

हा सिल्वानो माझ्या धाकट्या बहिणीचा, नेरेदाचा नवरा. आणि तो शॉर्टस्टॉप, योस्लान, त्या दोघांचा एकुलता एक मुलगा.

मैदानावरच्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं की ती हिट होती. पण कुणी हूं की चूं केलं नाही. गावाला बिनहिटचा सामना हवा होता आणि सिल्वानोनं तो ताटात वाढून दिला होता. चेंडू तसा का उडाला, ते फक्त मला ठाऊक होतं. ते सांगते नंतर.

"चौदा झाल्या," उंट खाली मान घालून म्हणाला. "योस्लानच्या नावावर या मोसमात चौदा चुका."

"मग?"

"मग काय? प्रांताच्या संघाची निवड आज संध्याकाळी आहे. तेरापेक्षा जास्त चुका असतील तर शॉर्टस्टॉपचं नावसुद्धा वाचत नाहीत. पोरगं सव्वीस वर्षांचं आहे. पुढल्या वर्षी विचारणार नाही कुणी."

कट्ट्यावर असं हळहळणं शोभत नाही, म्हणून मग सगळे एकदम सिल्वानोवर तुटून पडले. आठ वर्षांपूर्वी योस्लान संघात आला तेव्हा कुणीतरी प्रेक्षकांतून ओरडलं होतं, "बाप लिहिणारा, लेक खेळणारा, मजा आहे!" ते सिल्वानोच्या जे जिव्हारी लागलं ते लागलंच. तेव्हापासून शंका आली की योस्लानवर चूक. शंका नसली तरी चूक. आपल्याला कोणी पक्षपाती म्हणू नये म्हणून हा माणूस पोटच्या पोराविरुद्ध पक्षपात करत राहिला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत त्याची पेन्सिल कधी वाकडी गेली नाही.

"यावर ते उत्तरेचं यंत्रच बरं," पोलीस म्हणाला. "यंत्राला मुलगा नसतो."

घरी काय चाललंय ते मला माहीत होतं. रविवारी नेरेदानं सिल्वानोपुढे भात आणि काळा घेवडा आदळला, निम्मा टेबलावर सांडला, आणि म्हणाली, "सर्वसाधारण प्रयत्नात वाढता आला असता. लिही, चूक." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती. योस्लान मात्र काहीच बोलला नाही. तो कधीच बोलत नाही. पहाटे बेकरीत कणीक मळतो, दुपारी मैदानाच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारत बसतो. आठ वर्षांत बापाला त्यानं एका शब्दानं विचारलं नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. अरे, भांड की जरा!

दुपारी दोनच्या सुमाराला सिल्वानो बागेतून चालला होता. इस्त्रीचा सदरा, काखेत पुठ्ठ्याची फाइल. सामन्याचा कागद चारच्या बसनं प्रांताच्या कचेरीत जातो. सामना संपल्यापासून चोवीस तास लिहिणाऱ्याला आपला निर्णय बदलता येतो. पण सिल्वानोनं तीस वर्षांत एकदाही बदललेला नाही. त्याला इतका ताठा, की पेन्सिलीच्या मागचा रबर तो नवी पेन्सिल आणल्या आणल्या चाकूनं कापून टाकतो.

"कॉफी घे," मी म्हटलं.

"घाईत आहे, मिग्दालिया."

"वाटाणे कमी घातलेत आज."

तो थांबला. या थापेला तो दरवेळी फसतो. कप हातात पडेपर्यंत अकरा म्हातारे आणि एक पोलीस त्याच्याभोवती उभे होते.

बाउदिलिओनं शिट्टी वाजवली. "सिल्वानो, कट्ट्याला तुझा कालचा निर्णय मान्य नाही."

"मान्य असायची गरज नाही. लिहायचं काम माझं आहे."

"ती हिट होती रे!"

"सर्वसाधारण प्रयत्नात अडवता आला असता."

"कुणाला? तुला?"

"कुणालाही," सिल्वानो म्हणाला, आणि तिथे तो अडकला.

"झालं तर मग," बाउदिलिओ म्हणाला. "चल मैदानावर. तू उभा राहा तिथे. तुझ्यापेक्षा सर्वसाधारण माणूस अख्ख्या बेटावर सापडायचा नाही."

सिल्वानो चिडला. एकसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरतात, पण चिडला की बघत नाही. फाइल त्यानं माझ्या हातात दिली आणि बाह्या सरसावत पुढे निघाला. आम्ही सगळे मागे.

मैदानावर योस्लान होताच. बेकरीतून आलेला, केसांत पीठ, भिंतीवर चेंडू मारत. बापाला शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभं राहताना बघून त्यानं चेंडू हातात धरला आणि तसाच बघत राहिला. कुणी काही सांगायच्या आत आपला हातमोजा काढून बापाकडे टाकला. बापाला तो झेलता आला नाही. उंट हळूच म्हणाला, "ही चूकच." मी त्याला कोपर मारलं.

तेवढ्यात ओस्निएलही आला. त्याच्याच परसात डुक्कर भाजायला लावलं होतं, हाताला लसूण आणि आंबट संत्र्याचा वास. प्रकार काय ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चेंडू मी टाकतो. कालही मीच टाकला होता."

या सगळ्यात बिनहिटचा सामना जाणार तर याचा जाणार होता.

बॅट बाउदिलिओनं घेतली. ऊसतोड कामगारांच्या स्पर्धेत आपण कसे मारायचो याच्या गोष्टी आम्ही तीस वर्षं ऐकतोय. पहिल्या चेंडूला तो बॅट फिरवून स्वतःभोवती गिरकी घेऊन बसला. दुसरा चेंडू त्यानं मारला तो मागे उभ्या असलेल्या पोलिसाच्या पोटरीवर. तिसरा चर्चच्या दिशेनं गेला, तो अजून सापडला नाही. सातव्या वेळेला ओस्निएलनं इतका हळू टाकला की माझ्या आजीनंही मारला असता, आणि शेवटी एकदाचा चेंडू सरपटत निघाला. थेट सिल्वानोकडे.

आणि सिल्वानो वाकला. छान वाकला, खरं सांगते. गुडघे मोडून, हात खाली, नजर चेंडूवर. तरुणपणी तोही याच जागेवर खेळायचा, हे मी विसरूनच गेले होते. चेंडू त्याच्या हाताभर पुढे आला आणि टुणकन उडाला. खांद्याला नाही, तोंडाला लागला. चष्मा एकीकडे, सिल्वानो एकीकडे, चेंडू मागे गवतात.

सगळे धावणार, तेवढ्यात बाउदिलिओनं हात वर केला. त्याच्या डोळ्यांत जे आलं ते बघून मला कळलं की आता काहीतरी वाह्यात होणार.

"चूक!" बाउदिलिओ ओरडला.

"चूक!" उंट.

"चूक! चूक!" पोलीस आणि बाकीचे सगळे, टाळ्या वाजवत. "सर्वसाधारण प्रयत्नात अडवता आला असता! पंधरावी लिहा!"

सिल्वानो हातावर रेलून उठला. ओठातून रक्त येत होतं. आणि तीस वर्षांत ज्याच्या तोंडून मैदानावर वरचा सूर निघाला नव्हता, तो माणूस छाती फुटेल असा ओरडला, "चूक? डोळे फुटलेत का तुमचे? मी जागेवर होतो! हात जागेवर होते! चेंडू उडाला त्याला मी काय करू? हिट आहे ही! आंधळ्यालासुद्धा दिसेल, हिट आहे!"

त्याच्याच कानांवर त्याचा आवाज पडला असावा. तोंड उघडं ठेवूनच तो थांबला. सिल्वानोनं हळूच मान वळवून भिंतीकडे पाहिलं. योस्लान तिथे उभा होता, हात बाजूला सोडून, काल चेंडू लागला तेव्हा उभा होता अगदी तसाच.

मग सिल्वानो गुडघ्यांवर बसला आणि मातीत हात फिरवत खड्डा शोधू लागला. मुठीएवढा होता, कडा सरळ. "हे काय आहे इथे?" तो म्हणाला.

ते काय होतं ते आता सांगते. माझी शेळी मार्केसा मी आठवडाभर तिथे बांधत होते. मैदानावर शेळी बांधायला बंदी आहे, पण गवत तिथलंच हिरवं. शनिवारी संध्याकाळी खुंटी उपटली आणि माती पायानं वरवर सारली. तेव्हाच नीट बुजवली असती तर यातलं काहीच झालं नसतं. त्या क्षणी मी पुढे होऊन सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "उंदीर असेल."

"तीन वाजून गेले," उंट म्हणाला.

मी फाइल दिली. सिल्वानोनं कागद मैदानाच्या कडेच्या बाकावर पसरला, पेन्सिल काढली, आणि त्याचा चेहरा पडला. रबर नाही. त्याच्या पेन्सिलीला नाही, कट्ट्यावर कुणाकडे असायचं कारण नाही. नुसती काट मारून वर हिट लिहिलं तर कचेरीवाले कागद परत पाठवतात. पोलीस म्हणाला, मी सायकलवरून शाळेत जाऊन आणतो. पण शाळेला कुलूप होतं आणि मास्तरीणबाई डुकरासाठी कांदे चिरायला गेल्या होत्या.

योस्लान पुढे आला. खिशातून कागदात गुंडाळलेला पाव काढला, रेशनचा, त्याच्या वाटणीचा, दिवसाचा एकच. आतला मऊ गर काढून त्याची गोळी केली आणि बापापुढे धरली.

सिल्वानोनं ती घेतली. कागदावर फिरवू लागला, अगदी हलक्या हातानं. मधेच थांबून ओस्निएलकडे बघितलं. "तुझा सामना जाईल."

"मला कालच कळलं होतं," ओस्निएल म्हणाला. "चेंडू बॅटीवरून सुटला तो आवाजच हिटचा होता."

"मग बोलला का नाहीस?"

"डुक्कर जाहीर झालं होतं ना!" ओस्निएल हसला, मग जरा गंभीर झाला. "आणि खरं सांगू? लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. या पोटासकट. ते तर होऊन गेलं, ते कोण खोडणार? तू खोड खुशाल."

'चूक' पुसली गेली. त्या जागी सिल्वानोनं कोरीव अक्षरात 'हिट' लिहिलं. पावाची गोळी शिशानं काळी झाली होती. आमच्याकडे पाव कुणी टाकत नाही. सिल्वानोनं ती बघितली, तोंडात टाकली आणि फुटक्या ओठानं चावून गिळली.

योस्लाननं कागदाकडे पाहिलं. मग बापाकडे. आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं बापाच्या लिहिण्याबद्दल तोंड उघडलं.

"बाबा, अजून तेरा आहेत," तो म्हणाला. "पाव पुरायचा नाही."

त्या तेरांची मुदत केव्हाच संपली होती. त्या कागदांवर आता कुणालाच काही पुसता येणार नव्हतं, हे बापालाही माहीत होतं आणि लेकालाही.

सिल्वानोनं चष्मा डोळ्यांवर बसवला. एक काच तडकली होती.

"त्यातल्या चार तुझ्याच होत्या," तो म्हणाला.

"तीन," योस्लान म्हणाला.

"चार. ईस्टरच्या रविवारची धर."

"ईस्टरची? सूर्य डोळ्यांत होता माझ्या!"

"सूर्य सगळ्यांच्याच डोळ्यांत असतो! टोपी कशाला देतात?"

"टोपी होती डोक्यावर! तू बघत तरी होतास का?"

"मी? मी बघत नव्हतो? मी तुझ्याशिवाय दुसरं काही बघितलंय का मैदानावर?"

कागद काखेत मारून सिल्वानो बसकडे निघाला, आणि योस्लान त्याच्या बरोबरीनं, हातवारे करत. कोपऱ्यावर पोचेपर्यंत दोघांची नाकं एकमेकांना टेकायच्या बेतात होती आणि आवाज चर्चपर्यंत येत होता. पोलीस सवयीनं सोडवायला निघाला. मी त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढलं आणि कॉफी ओतून दिली.